टोळीबरोबरची मॅच

आमच्या गावची क्रिकेटची टीम वाईट नव्हती. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं वाचून कुणाला पटायचं नाही. पंचक्रोशीतल्या यात्रांना सामने व्हायचे, तिथं आम्ही दोनदा कप मारला होता. ते कप दूध डेअरीच्या कपाटावर, फॅट मोजायच्या मशीनशेजारी ठेवलेले असायचे. पाटलांचा थोरला कॅप्टन. त्याच्याकडं सांगलीहून आणलेली खरी बॅट होती, म्हणून तो कॅप्टन, असं मागनं बोलायचे. पण खेळायचाही बरा. तालमीतला एक पैलवान फास्ट बॉलिंग टाकायचा. डेअरीचा क्लार्क, पिठाच्या गिरणीवाला, सोसायटीच्या शिपायाचा पोरगा, अशी बाकीची भरती. मी त्या वेळी पस्तिशीत. दोन लेकरांचा बाप. गुडघ्यांनी अजून साथ सोडली नव्हती, पण पळायला नको म्हणून मला विकेटकीपर केलेला.

ग्राउंड म्हणजे शाळेमागचं गायरान. एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला हापसा, आणि तिसऱ्या अंगाला माझा खोडव्याचा ऊस. बॉल उसात गेला की सिक्स, आणि बहुतेक वेळा बॉलही गेलाच. उसात शिरून बॉल शोधणं म्हणजे हातातोंडावर पात्यांचे ओरखाडे घेऊन यायचं. म्हणून आमचा नियम असा होता, की ज्यानं मारला त्यानंच शोधायचा किंवा नवा आणायचा. या नियमानं आमच्या बॅट्समनांना त्या बाजूला मारायची सवयच राहिली नव्हती.

दसऱ्यानंतर आमच्या वारणाकाठाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बीडकडच्या, पाथर्डीकडच्या. शहरातल्या वाचकासाठी सांगतो, टोळी मोजायची ती माणसांवर नाही, कोयत्यांवर. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी किंवा एकटी बाई म्हणजे अर्धा कोयता. मुकादम पावसाळ्यातच त्यांना उचल देऊन ठेवतो आणि हंगामभर ती उचल तोडीतनं फिटत जाते. फिटली तर. त्या वर्षी आमच्या शिवारात आलेली टोळी बारा कोयत्यांची, ट्रॅक्टरवाली. त्यांच्या कोप्या पाटलांच्या पडीक रानात पडल्या होत्या. पाणी हापशाचं. पहाटे चारला फडात, दिवसभर तोड, मोळ्या बांधायच्या, आणि ट्रॉली येईल तेव्हा, मग ती रात्री अकराला का येईना, फळीवरनं चढून मोळ्या वर टाकायच्या. सहा महिने ही माणसं गावात असायची आणि गावाला त्यांची ओळख नसायची. आम्ही त्यांना 'टोळीवाले' म्हणायचो, ते आम्हाला सरसकट 'मालक'. तीन गुंठे असणाऱ्यालाही मालकच.

१९९६ सालचा मार्च. वर्ल्ड कप चाललेला. १३ तारखेला, बुधवारी, कलकत्त्याला श्रीलंकेबरोबर सेमीफायनल होती. डेअरीच्या व्हरांड्यात टीव्ही बाहेर काढून ठेवलेला आणि निम्मं गाव समोर बसलेलं. त्या दिवशी ट्रॉली लवकर भरून झाली होती, त्यामुळे टोळीतली आठ-दहा माणसं येऊन मागं अंधारात उकिडवी बसली. श्रीनाथनं पहिल्याच ओव्हरमध्ये कालुवितरणा आणि जयसूर्या दोघांनाही घालवलं तेव्हा व्हरांडा दणाणला होता. तरी त्यांनी २५१ काढल्या. आपली बॅटिंग आली, सचिन होता तोवर सगळं ठीक. ९८ ला एक आऊट. मग तो स्टम्पिंग झाला आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. पिचवर धूळ उडत होती, बॉल कुठल्याही अंगाला वळत होता. १२० ला आठ. लोकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आग लावली, मॅच थांबली आणि श्रीलंकेला देऊन टाकली. कांबळी रडत बाहेर आला, ते सगळ्यांनी पाहिलंच आहे.

डेअरीसमोर कुणी बोलेना. त्या शांततेत मागनं एक पोरगा सहज बोलला, "टॉस जिकला होता, तर मग आधी बॅटिंग कामून नाय घेतली?"

आता हाच प्रश्न दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी विचारला आणि पुढं कित्येक वर्षं विचारला गेला. पण त्या क्षणी तो अंधारातनं आला आणि टोळीवाल्याच्या तोंडनं आला. आमचा कॅप्टन आधीच पेटलेला. वळून म्हणाला, "तुला काय कळतंय रं त्यातलं? खेळलाईस का कधी?"

"खेळतो ना गावाकडं."

"मग या की एकदा गायरानात. बघू."

पोरगा गप्प बसला. मुकादमानं त्याला दंडाला धरून उठवलं आणि सगळे कोप्यांकडं गेले. आम्हाला वाटलं, संपलं. पण शनिवारी कारखान्याची साफसफाई निघाली. वजनकाटा बंद, गाड्या येणार नव्हत्या. दुपारी मुकादम स्वतः डेअरीत आला. म्हणाला, "पोरं म्हणत्यात, मालकांनी बोलवलं व्हतं. खेळू का जरा? हसत-खेळत."

ठरलं ते असं. आठ-आठ गडी, आठ-आठ ओव्हर, टेनिस बॉल, हरणाऱ्यानं भेळ आणि चहा. पंच म्हणून शाळेतले गुरुजी. पाडवा चार दिवसांवर होता, ऊन चांगलंच तापायला लागलेलं, म्हणून साडेपाचला सुरुवात. आमच्या अंगात यात्रेच्या वेळी शिवलेले निळे टी-शर्ट. पैलवानाच्या पायात नवे बूट. समोरचे आठजण अनवाणी, बनियनवर. त्यातल्या दोघांचे केस पिकलेले. कॅप्टननं मोठ्या मनानं आपली बॅट त्यांना देऊ केली. तो परवाचा पोरगा, असेल सतरा-अठराचा, त्यानं ती हातात घेतली, दोनदा फिरवली आणि परत दिली. "हलकी हाये," म्हणाला. त्यांची बॅट लिंबाच्या फळीची, कोयत्यानं तासलेली. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली.

टॉस त्यांनी जिंकला. पोरानं गुरुजींना सांगितलं, "आधी बॅटिंग." आमच्या कॅप्टनकडं बघितलंसुद्धा नाही.

पैलवानाची पहिली ओव्हर मला बॉलबॉल आठवते, कारण मी स्टंपमागं उभा होतो आणि सहा बॉलांत माझ्या हाताला एकही बॉल लागला नाही. पैलवानाचं हत्यार म्हणजे यॉर्कर. पायाशी पडणारा जोराचा बॉल, ज्यावर पंचक्रोशीतल्या भल्याभल्यांच्या दांड्या उडाल्या होत्या. पोरगा डावखुरा. गुडघ्यात वाकला आणि तो पायातला बॉल त्यानं जमिनीलगत बॅट फिरवून माझ्या उसात घातला. दुसराही तिथंच. तिसऱ्याला पैलवानानं आणखी जोर लावला, तो आणखी लांब गेला. त्या ओव्हरमध्ये बावीस गेल्या.

यात नवल काय होतं, ते मला चौथ्या ओव्हरला ध्यानात आलं. ऊस तोडताना कोयता बुडख्याला लागावा लागतो. बुडका वर ठेवला तर शेतकरी ओरडतो, कारण साखर तळालाच जास्त असते आणि खोडवाही नीट फुटत नाही. म्हणजे पहाटेपासनं हा माणूस गुडघ्यात वाकून, मनगटाच्या जोरानं, जमिनीला घासून हत्यार फिरवत असतो. दिवसातनं किती हजार वेळा, कुणी मोजलंय? आणि आम्ही त्याला नेमका तिथंच बॉल टाकत होतो. मी कॅप्टनला हळूच म्हटलं, आखूड टाकायला सांग, छातीवर येऊ दे. त्यानं सांगितलं. पैलवानाला ते जमेना, कारण त्यानं आयुष्यात यॉर्करशिवाय काही टाकलंच नव्हतं. गिरणीवाल्यानं आखूड टाकून पिकल्या केसांचा एकजण घालवला आणि नंतर आणखी एक. तेवढ्याच दोन विकेट. आठ ओव्हर संपल्या तेव्हा फळ्यावर १०४ होत्या, त्यातल्या एकसष्ट त्या पोराच्या. तीन बॉल माझ्या उसात गेले होते. चौथा डेअरीच्या पैशातनं आणावा लागला.

हापशावर टोळीतल्या बायका कळशा भरायच्या थांबून बघत होत्या. त्यातली एक मधेच ओरडली, "आरं बास कर, सकाळी मोळ्या कोन बांधल!" ती त्या पोराची आई, हे नंतर कळलं.

आमच्या बॅटिंगचं लांबण लावत नाही. त्यांच्यात एक सडपातळ, दाढी वाढलेला गडी होता, चाळिशीच्या पुढचा. दोन पावलं चालून यायचा आणि बॉल सोडायचा. फेकायचा म्हणवत नाही, सोडायचाच. आमच्या पिचचा तो कोपरा काळ्या मातीचा. आम्ही पाणी मारून, दगडी रूळ फिरवून ते तयार करायचो, पण मार्चात त्याला भेगा पडायच्याच. मॅचच्या आधी हा गडी पिचवरनं एकदा अनवाणी चालत गेलेला मी पाहिला होता. मला वाटलं, उगीच चालतोय. त्यानं पायानं एक भेग हेरून ठेवली होती आणि प्रत्येक बॉल तिच्या काठावर टाकत होता. एखादा सरपटायचा, एखादा उसळून आत यायचा. क्लार्क गेला, शिपायाचा पोरगा गेला, कॅप्टन शून्यावर गेला. अझरुद्दीनही कलकत्त्यात शून्यावरच गेला होता, असं कुणीतरी बोललं आणि कॅप्टननं बॅट आपटली. १९ रनांत पाच जण परत आले. त्यांची फिल्डिंग तर बघत राहावी अशी. दिवसभर मोळी उचलून ट्रॉलीवर फेकणाऱ्या हाताला टेनिस बॉल म्हणजे काय? सरळ, डोक्याच्या उंचीनं, थेट माझ्या शेजारच्या स्टंपावर यायचा.

एव्हाना सूर्य गेला होता. अमावास्या जवळ, त्यामुळे चांदण्याचाही आधार नव्हता. कॅप्टन मैदानात आला आणि गुरुजींना म्हणाला, "बॉल दिसंना. अंधारामुळं मॅच ड्रॉ." गुरुजी काही बोलायच्या आत मुकादमच पुढं झाला. "हाव हाव. राहू द्या मालक. बरोबरी झाली म्हना. पोरांनी मजा केली, लई झालं."

हे ऐकून आमच्यातल्या दोघा-तिघांचे चेहरे खुलले. माझा जीव मात्र चरकला. तो माणूस हे कशापायी म्हणत होता, ते दिसत होतं. कोप्या पाटलांच्या रानात. पाणी गावच्या हापशाचं. जळण गावच्या बांधावरनं. वाढं विकायचं ते गावच्याच शेतकऱ्याला. गावच्या कप मिळवलेल्या टीमला अठ्ठ्याहत्तर-ऐंशी रनांनी हरवून उद्या सकाळी याच गावात राहायचं होतं त्याला. तो जिंकलेली मॅच परत देत होता. आणि पोरगा, सहाव्या विकेटसाठी जागेवर उभा होता, तो मुकादमाकडं बघत हातातला बॉल नुसता बनियनला पुसत होता.

लिंबाच्या झाडाखाली आमचे तात्या बसले होते. माझे चुलते, सत्तरीचे. तरुणपणी कोल्हापुरात तालमीला होते. कुस्तीइतकाच क्रिकेटचा नाद. भाऊसाहेब निंबाळकरांना खेळताना पाहिल्याचं सांगायचे आणि सांगताना उभे राहायचे. ते काठी टेकत आत आले.

"निंबाळकरांचं ठावं हाय का कुणाला?" त्यांनी विचारलं.

आम्हाला ठाऊक होतं, शंभर वेळा ऐकलेलं. १९४८ च्या डिसेंबरात पुण्याला रणजीची मॅच, महाराष्ट्राविरुद्ध काठेवाड. निंबाळकर ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला दहा रन हव्या होत्या. आणि सुट्टीत काठेवाडच्या कॅप्टननं, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, मॅच सोडून दिली. टीम घेऊन गेले. पुढं निंबाळकरांना देशाकडनं एकही कसोटी खेळायला मिळाली नाही.

"ठाकूरसाहेब हरला म्हणून कुणी हसलं नसतं," तात्या म्हणाले. "पळाला, म्हणून अजून मी त्याचं नाव घेतोय. ट्रॅक्टर आणा. लायटी लावा."

"तात्या, मॅच मैत्रीची हाय," कॅप्टन म्हणाला.

"म्हणूनच म्हणतोय."

कॅप्टनचा एक ट्रॅक्टर आणि टोळीचा एक, असे दोन आणले. डोळ्यांवर उजेड नको म्हणून दोन्ही बाजूंना आडवे लावले. पिच तेवढं पिवळं दिसत होतं, बाकी सगळा काळोख. इंजिनांच्या आवाजात गुरुजींचा आवाजही ऐकू येईना. आणखी सात रन झाल्या आणि उरलेले दोघे गेले. सगळे मिळून २६. त्यातल्या नऊ माझ्या आणि मी नाबाद राहिलो. तीस वर्षं होत आली, अजून हे सांगायचा मोह आवरत नाही.

शेवटची विकेट पडली तेव्हा टोळीवाले ओरडले नाहीत. एकमेकांकडं बघून नुसते हसले. ओरडली ती हापशावरची बायकापोरं.

भेळेचं मात्र कॅप्टननं मागंपुढं केलं नाही. स्टँडवरच्या हॉटेलात सगळ्यांना घेऊन गेला. एरवी टोळीवाले तिथं बाहेरच्या दगडावर बसून चहा घ्यायचे. हॉटेलवाला आत-बाहेर बघायला लागला, तशी पैलवानानंच बाकडं ओढून मध्ये आणलं. निम्मे बसले. बाकीच्यांनी पहाटे उठायचंय म्हणून भेळेच्या पुड्या पोराबाळांसाठी बांधून घेतल्या. हापशावरची भांडणं त्यानंतरही होत राहिली. मॅच गड्यांची झाली होती, पाणी बायका भरत होत्या.

खरी गोष्ट पुढच्या आठवड्यात झाली. आमच्या गावची यात्रा चैत्रात, आणि यात्रेला तीन दिवस सामने. कॅप्टन माझ्याकडं आला. "ते डावखुरं पोरगं आपल्याकडनं खेळलं तर?" आम्ही दोघं आणि पैलवान मिळून कोप्यांवर गेलो. त्या साली ऊस भरपूर, कारखान्याचा पट्टा पडायला मे उजाडणार होता. म्हणजे यात्रेला टोळी गावातच असणार होती. मुकादम अदबीनं बोलला, पण हिशेब त्याला पाठ होता.

"तीन दिवसांचा खाडा तुम्ही भरताल मालक. पर हा अर्धा कोयता आन् ह्याची माय अर्धा. हा तोडतो, ती पाचट काढून मोळी बांधती. हा खेळाया गेला, तर तिला जोडीला कोन देऊ?"

पोराचा बाप गावाकडं अंथरुणाला होता. उचल घेतली ती त्याच्याच औषधाला. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

पैलवान म्हणाला, "मी जातो की तीन दिवस. मी तोडतो."

तेव्हा मात्र ती हसली. "पैलवान, दोन मोळ्यांत कंबर धरल तुमची."

पैलवानाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला तो खरंच फडात गेला, आजमावायला म्हणून. नऊच्या सुमाराला मला रस्त्यात भेटला तेव्हा दोन्ही तळव्यांना फोड आणि मानेवर, कानांवर पात्यांच्या चिरा. कोयता पोरानं त्याच्याकडनं काढून घेतला होता, कारण बुडकं वर राहायला लागली होती. "आण्णा," मला म्हणाला, "ते पोरगं माझ्या यॉर्करला का भिलं नाही, कळलं." यात्रेत खेळण्याचा विषय तिथंच मिटला. पोरानं स्वतःहून त्यात एक शब्दही काढला नव्हता, ना हो ना नाही. यात्रेच्या सामन्यात आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. त्या वेळी टोळी आमच्या शेजारच्या शिवारात तोडत होती.

माझ्या खोडव्याला तोड आली एप्रिलच्या अखेरीला, सगळ्यांच्या मागनं. ऊस वाळायला लागला होता, वजनात मार बसला. स्लिपबॉयच्या पाठीमागं फिरून मी कंटाळलो होतो, ते वेगळं. दुपारी बांधावर बसलो होतो. गायरानाकडच्या अंगाच्या शेवटच्या चार सऱ्या राहिल्या होत्या. पोरगा वाकून तोडत पुढं, आई पाचट झाडत मागं. मधेच त्यानं कोयता खांद्याला लावला, सरीतनं काही उचललं, पुन्हा दहा पावलांवर काही उचललं.

सुट्टी झाली तेव्हा तो बांधावर आला. डोक्याच्या फडक्यात बॉल बांधून आणले होते. उन्हानं रंग उडालेले, एकाला उंदरांनी कुरतडलेला. माझ्यासमोर त्यानं ते मांडले. पाच होते.

"माझे तीन," तो म्हणाला. "दोन आधीचे हायेत. तुमच्यापैकी कुनीतरी मारले असतील."